गुंडोपंतांच्या तोंडचा घास

मी एक जुनी दातखरवडणी आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, मित्रांनो! दातांच्या डॉक्टरांकडे तुम्ही कधी मोठ्ठा आ करून बसला असाल, तर माझ्या एखाद्या बहिणीची आणि तुमची भेट झालेलीच आहे. पेन्सिलीएवढी पोलादी दांडी आणि टोकाला मांजराच्या नखासारखी वाकडी नखी, असं माझं रूप. दातांवर साचलेला पिवळट, दगडासारखा थर खरवडून काढायचा, हे माझं काम. दवाखान्यात मला 'स्केलर' म्हणायचे. घरात सगळे 'खरवडणी' म्हणतात आणि मला तेच जास्त आवडतं.

आज मी माझी गोष्ट सांगणार आहे. तिच्यात माझं कौतुक आहे आणि माझी एक भलीमोठी चूकही आहे. पण सगळ्यात जास्त आहेत ते गुंडोपंत. ते कोण, ते सांगतेच. जरा दम धरा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे दिवसभर नुसता घासण्याचा आवाज. मी आधी एक साधी सळई होते. मला तापवलं, वाकवलं, घासलं, पुन्हा तापवलं. खूप रडावंसं वाटलं, पण पोलादाला रडता कुठे येतं? शेवटी मी एका बाईंच्या हाती आले. प्रत्येक खरवडणीची धार प्लास्टिकच्या कांडीवर तपासायची, हे त्यांचं काम. कांडीवरून मला त्यांनी अलगद ओढलं, तर केसाएवढी ढलपी निघाली. त्या शेजारणीला म्हणाल्या, "ही बघ गं, कशी गुणाची निघालीय!" आयुष्यातलं माझं ते पहिलं कौतुक. आजही आठवलं की दांडी ताठ होते.

मग मी डॉक्टरीणबाईंकडे आले.

काय सांगू तुम्हाला त्यांच्या हाताबद्दल! इतका हलका हात, की अर्ध्या लोकांना मी तोंडात शिरले कधी आणि बाहेर आले कधी, ते कळायचंच नाही. एकदा एक धिप्पाड ट्रकचालक मला बघूनच पांढरे फटक पडले. म्हणाले, "डॉक्टर, मी घाटात ब्रेक निकामी झालेला ट्रक थांबवलाय. पण हे नको." डॉक्टरांनी त्यांना त्या घाटाची गोष्ट सांगायला लावली आणि मधे मधे "आ करा" म्हणत खालची सगळी रांग साफ करून टाकली. गोष्टीतला ट्रक थांबायच्या आधी आमचं काम संपलं होतं!

प्रत्येकाला जाताना त्या एकच वाक्य सांगायच्या, "मऊ आहे तोवर काढा. आज सोडलं तर उद्या त्याचा दगड होतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की तो माझा धर्मच झाला. कुठे काही साचलेलं दिसलं की नखी शिवशिवायला लागायची.

पण धार लावून लावून माझी नखी झिजली. बारीक झाली. अशी नखी तोंडात मोडली तर पंचाईत, म्हणून दवाखान्यातून अशा खरवडण्यांना निरोप देतात. माझ्याबरोबरच्या दोघी गेल्यासुद्धा. मला मात्र डॉक्टरांनी हातात घेऊन जरा वेळ फिरवलं आणि म्हणाल्या, "हिला नाही टाकवत बाई. चल वर."

वर म्हणजे घरी. खाली दवाखाना, वर घर, मधे सतरा पायऱ्या. वरच्या खोलीत खिडकीजवळ चार हात लांब काचेची पेटी होती. तिच्यात खारं पाणी, तळाला पांढरी वाळू, कोपऱ्यात उंच रचलेले खडबडीत दगड आणि दोन नारिंगी मासे. एका बाजूला पाणी खेळवणारा जाड पाइप. दवाखान्यात दिवसभर किंकाळ्या ऐकून दमलेल्या डॉक्टर संध्याकाळी त्या पेटीसमोर बसायच्या. "कुणी ओरडत नाही, हेच सुख," म्हणायच्या.

सुखात एकच मिठाचा खडा होता, शेवाळ. काचेवर दोन दिवसांत हिरवी झाक यायची. मोठ्या काचा पुसायला चुंबकाची पुसणी होती, पण कानेकोपरे तिला जमत नसत. ते माझ्याकडे आले. आणि मित्रांनो, मी काय काम केलं म्हणता! काचांचे सांधे, पाइपाच्या कडा, दगडांच्या भेगासुद्धा. डॉक्टर दाताला करतात तसं एकेका दगडाला करायच्या. आले गेले पाहुणे पेटीसमोर उभे राहून म्हणायचे, "अहो, आत पाणी आहे का नुसती हवा?" डॉक्टर हसत मला वर धरायच्या. निवृत्त झाल्यावर इतका मान कुणाला मिळतो, सांगा!

आणि मग गुंडोपंत आले.

त्यांना आणलं ते ठकूने. ठकू म्हणजे डॉक्टरांची लेक, वय वर्षं अकरा, तोंड वर्षं पन्नास. वाढदिवसाला काय हवं, असं विचारल्यावर तिने सायकल सोडून समुद्रातला काटेरी गोळा मागितला. ज्याला पुस्तकात 'सी अर्चिन' म्हणतात ना, तो. तिचे बाबा शाळेत गणित शिकवतात. ते म्हणाले, "काटे आपल्या घरात कमी आहेत का? तुझी जीभ आहे की!"

"बाबा, तो शेवाळ खातो. आईचं काम वाचेल."

"मग आण बाई. तुझी आई दोन मिनिटं बसलेली मला बघायचीय."

दुकानवाल्या काकांनीही हेच सांगितलं. "याच्या खाण्यापिण्याचं काही बघावं लागत नाही. पेटीतलं शेवाळ खाईल, पेटी आपोआप साफ राहील." पिशवीतल्या पाण्याची आणि पेटीतल्या पाण्याची चव एकदम बदलली तर याला सोसत नाही, हेही त्यांनी बजावलं होतं. म्हणून ठकूने बारीक नळीने पेटीतलं पाणी थेंब थेंब त्याच्या भांड्यात सोडलं. दोन तास! मांडीवर भांडं, हातात नळी, आणि तोंड एकदाही बंद नाही. तेवढ्यात तिने त्याचं बारसंही उरकलं. गोल गरगरीत म्हणून गुंडोपंत.

गुंडोपंत होते मोठ्या लिंबाएवढे. गडद निळे, मधे काळ्या मखमलीचे पट्टे, वर सुईसारखे काटे. मला वाटलं, हा चेंडू काय करणार? पण मग त्यांनी काट्यांमधून पाय काढले. दोऱ्यासारखे शेकडो पाय, टोकाला इवल्याशा चकत्या. त्या काचेला चिकटवत, सोडवत, न घसरता ते सरळ उभ्या काचेवर चढले. वाटेत त्यांना शिंपल्याचा एक तुकडा सापडला. तो त्यांनी उचलून थेट डोक्यावर घेतला आणि टोपी घातल्यासारखे पुढे निघाले. ठकू हसून हसून जमिनीवर लोळली.

काच चढताना त्यांचं तोंड दिसलं. ते खालच्या बाजूला असतं, बरोब्बर मध्यभागी. डॉक्टर नाक काचेला लावून बघत राहिल्या. "पाच दात," त्या हळूच म्हणाल्या, "पाचही एका बिंदूवर मिटतात. आणि झिजले की खालून वाढत राहतात. अहो, ऐकलंत का? असे दात माणसाला असते तर आपण उपाशी मेलो असतो!"

"मग याला आपला धंदा दाखवू नकोस," बाबा म्हणाले.

मी सगळं बघत होते. खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. पाच नख्या, त्याही झिजल्या तरी पुन्हा वाढणाऱ्या! मी एक नखी घेऊन मिरवत होते. मनाशी म्हटलं, बघूया पंत, कोण जास्त साफ करतं ते.

आणि मीच जिंकत राहिले. डॉक्टरांचा हात काही स्वस्थ बसेना. बावीस वर्षांची सवय! दवाखाना बंद करून वर आल्या की पाय धुवायच्या आधी मी हातात. गुंडोपंत वीतभर सरकेपर्यंत आम्ही अख्खी भिंत लख्ख करायचो. दगड तर इतके पांढरे झाले, की दंतमंजनाच्या जाहिरातीत शोभले असते. ठकू रोज माशांना दाणे टाकायची. दाणे वरच्या वर तरंगायचे आणि मासे ते एका दमात फस्त करायचे. त्यामुळे "सगळ्यांचं जेवण झालं" असं सगळ्यांनाच वाटायचं.

दीड महिन्याने गुंडोपंतांची टोपी पडली.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग वाळूवर एक काटा दिसला. दुसऱ्या दिवशी चार. उरलेल्या काट्यांचा ताठा गेला, ते भिजलेल्या केसांसारखे कलायला लागले. गुंडोपंत काचेवर चढायचे, अर्ध्यावर सुटायचे आणि वाळूवर उताणे पडायचे. ठकू हात घालून त्यांना सरळ करायची. गळलेले काटे तिने काड्यापेटीत जमवायला सुरुवात केली. रोज मोजायची आणि रोज तिचं बोलणं थोडं थोडं कमी व्हायचं. पन्नास वर्षांचं ते तोंड पार मिटून गेलं.

डॉक्टरांनी दुकानात फोन केला. काका म्हणाले, "पाण्यात घाण असेल. एवढे काटे गळलेला सहसा वाचत नाही, ताई. आणखी आठवडा काढला तर खूप."

घाण! तो शब्द ऐकला मात्र, आम्ही हात धुऊन त्या पेटीच्या मागे लागलो. डॉक्टरांनी पाण्याचा खारटपणा तपासला, तो ठीक निघाला. तरी एक तृतीयांश पाणी बदललं. दगड एकेक करून बादलीत काढले आणि आम्ही ते घासले. भेगांतून, खळग्यांतून, जिथे जिथे हिरवा ठिपका दिसला तिथून तो उपसून काढला. मी तर जिवाचं रान केलं. वाटत होतं, गुंडोपंतांना वाचवतेय मी! मित्रांनो, माझ्यासारखी अडाणी पोलादाची कांडी तुम्ही बघितली नसेल.

त्या रविवारी सकाळी गुंडोपंत दिसेनात.

वाळूवर नाहीत, दगडांत नाहीत. ठकूने शोधून काढलं. जाड पाइप आणि मागची काच यांच्यामध्ये जेमतेम तीन बोटांची फट होती, तिच्यात जाऊन ते अडकून बसले होते. फक्त चार काटे बाहेर दिसत होते.

"मरायला गेलेत का ते तिथे?" ठकूने विचारलं. आवाज इतका बारीक, की मला आधी ठकूच बोलतेय असं वाटलं नाही.

"असं बोलू नये," बाबा म्हणाले.

डॉक्टर वाकून बघत होत्या. "ती फट कधी साफच झालेली नाही," त्या म्हणाल्या. "पुसणी जात नाही, माझा हात जात नाही. सगळी घाण तिथेच असणार. ठकू, खालून तोंडाचा आरसा आण. आणि टॉर्च."

तोंडाचा आरसा म्हणजे लांब दांडीचा, रुपयाएवढा गोल आरसा. माझा जुना सोबती तो. दाढेच्या मागे बघायला आम्ही नेहमी जोडीने जायचो. ठकू सतरा पायऱ्या उतरून चढून आली. डॉक्टरांनी डाव्या हातात आरसा धरला, उजव्या हातात मला, आणि आम्ही दोघं त्या फटीत उतरलो.

आत खिडकीतलं ऊन तिरकं येत होतं. काचेवर शेवाळाचा जाड, हिरवागार थर होता. मला आधी आनंदच झाला. केवढं काम! डॉक्टरांनी मला टेकवलं आणि माझी नखी त्या थरातल्या एका खाचेत अडकली. मग दुसऱ्या खाचेत. मी हजारो दातांवरून फिरलेय. कुठलं किटण आहे, कुठे कीड आहे, कुठे नुसता ओरखडा, हे मला अंधारातही कळतं. या खाचा कसल्या, ते मला कळेना.

डॉक्टरांचा हात थांबला.

"टॉर्च इकडे कर. आणखी खाली. धर तशीच."

"काय आहे आई?"

"हे ओरखडे माझे नाहीत."

"मग?"

"खरवडणी एका दिशेने ओढते, तिची सरळ रेघ उमटते. इथे बघ, मधल्या एका बिंदूकडे पाच रेघा जातायत. चांदणीसारख्या. ही एक, ती दुसरी, ती तिथे, ती बघ किती..." त्यांनी आरसा आणखी जवळ नेला. "हे चावे आहेत, ठकू. दातांचे व्रण आहेत."

"गुंडोपंतांचे?"

"या सबंध पेटीत खाण्यासारखं एवढंच उरलं होतं. म्हणून ते तिथे घुसलेत. मरायला नाही गं, जेवायला गेलेत." डॉक्टरांनी मला फटीतून बाहेर काढलं. शेवाळाच्या त्या थराला त्यांनी आता धक्काही लावला नाही. "बावीस वर्षं लोकांचे दात बघतेय मी. यांचे दात बघून वाहवासुद्धा केली. ते दात कशावर चालवायचे, एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही."

ठकू काचेला नाक लावून बघत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आपण रोज त्यांचं ताट धुऊन ठेवत होतो. त्यांचं जेवण व्हायच्या आधी."

ते ऐकलं आणि मला पुन्हा कारखान्याच्या भट्टीत गेल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घेणं म्हणजे काय, ते मी शब्दशः केलं होतं. रोज. वर कौतुकही करून घेतलं होतं!

आता शेवाळ एका दिवसात उगवत नाही. आणि फटीतलं तेवढं किती पुरणार? बाबा दुकानात धावले आणि वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पापुद्रे घेऊन आले. कागदासारखे पातळ, काळपट हिरवे, पाण्यात टाकले की मऊ होणारे. दाराशीच म्हणाले, "काका म्हणतात, पेटी चकचकीत असेल तर हे द्यावंच लागतं. मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, इतकी चकचकीत पेटी कुणी ठेवत असेल असं वाटलं नव्हतं!"

गुंडोपंतांना फटीतून अलगद काढून दगडावर ठेवलं. समोर पापुद्र्याचा तुकडा टाकला, तर तो पाण्याबरोबर वाहून गेला आणि माशांनी पळवला. दगडाला रबराने बांधून बघितला, पण तिथवर चार बोटं सरकायचीही पंतांत ताकद नव्हती. तो दिवस तसाच गेला. ठकू जेवली नाही. "त्यांनी खाल्लं की खाईन," एवढंच म्हणाली. बाबांनी पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

सोमवारी सकाळी दवाखाना सुरू झाला. डॉक्टरांनी एका बसचालकांना दाढेपाशी भुलीचं इंजेक्शन दिलं. भूल चढायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत डॉक्टर दोन दोन पायऱ्या टाकत वर आल्या आणि त्यांनी मला उचललं. मी मनात म्हटलं, नको हो डॉक्टर, आता मला हात लावू नका. पण त्यांनी ओल्या पापुद्र्याची पट्टी माझ्या नखीभोवती गुंडाळली आणि मला पाण्यात उतरवलं. गुंडोपंतांच्या अगदी अंगाशी, काट्यांच्या आत, जिथे त्यांचे पाय पोचू शकतील तिथे.

आणि तिथे आम्ही थांबलो. तो हलका हात! जराही हलला नाही. ठकूने श्वास रोखून धरला होता. खालून बसचालक ओरडले, "डॉक्टर, अर्धं तोंड गायब झालंय! येताय ना?"

"उरलेलं अर्धं मिटून बसा!" डॉक्टर वरून म्हणाल्या, पण हात तसाच.

मग मला काहीतरी लागलं. एक पाय. दोऱ्याएवढा. तो नखीला चिकटला, सुटला, पुन्हा चिकटला. शेजारी दुसरा आला, मग तिसरा. पापुद्र्याची पट्टी हळूहळू ताणली गेली. मित्रांनो, मी पोलादाची आहे, पण त्या तीन दोऱ्यांनी मला ओढलं हो! खाली खाली, तोंडाकडे. आणि मग खट्. पाच दात मिटले. त्यांचा तो हिसका माझ्या दांडीतून डॉक्टरांच्या बोटांपर्यंत गेला असणार, कारण त्या एकदम म्हणाल्या, "चावले! ठकू, चावले गं!"

ठकूने जी किंकाळी फोडली ती ऐकून बसचालक खुर्चीवरून उठून पायऱ्यांपर्यंत आले होते म्हणे. त्यांना वाटलं, वर कुणाची तरी दाढ काढली.

तेव्हापासून पंधरा दिवस, सकाळ संध्याकाळ, मी गुंडोपंतांना भरवत होते. आधी नखाएवढी पट्टी, मग बोटाएवढी. कधी उकळत्या पाण्यातून काढून गार केलेलं पालकाचं पान, कधी काकडीची चकती. पालक त्यांना विशेष आवडला नाही. काकडीची मात्र त्यांनी एकदा टोपी केली! त्या दिवशी बाबा म्हणाले, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या घरात दातकोरणीनेच एकाचं पोट भरतंय." यावर ठकू एवढी बोलली, एवढी बोलली, की बाबांनाच घास गिळायला वेळ मिळेना. तिचं तोंड परत पन्नास वर्षांचं झालं होतं.

गळलेल्या जागी नवे काटे फुटले. आधी मोहरीएवढे कोंब, मग टाचणीएवढे. गुंडोपंतांनी घाई केली नाही की गाजावाजा केला नाही. मला त्यांचं हेच फार थोर वाटतं. उपाशी होते तेव्हा कुणाला टोचले नाहीत, आणि पोट भरलं तरी माजले नाहीत. आपला घास शोधत वीत वीत सरकत राहिले. मी उगीच त्यांच्याशी स्पर्धा लावली होती. त्यांना माहीतसुद्धा नव्हती!

आता घरात नियम ठरलाय, आणि तो ठकूने लिहून पेटीशेजारी चिकटवलाय. समोरची काच तेवढी पुसायची, आपल्याला बघता यावं म्हणून. मागची आणि बाजूच्या दोन्ही काचा गुंडोपंतांच्या. एक दिवसाआड पापुद्र्याचा तुकडा क्लिपला लावायचा, उरला तर दुसऱ्या दिवशी काढून टाकायचा, नाहीतर पाणी नासतं. काटे ताठ आहेत का, हे रोज बघायचं. परवा एक पाहुण्या आल्या. हिरव्या काचा बघून नाक मुरडत म्हणाल्या, "दातांच्या डॉक्टरांच्या घरी एवढी घाण?"

"घाण नाही हो," डॉक्टर म्हणाल्या, "जेवण वाढून ठेवलंय."

आणि मी? भरवायला आता प्लास्टिकची क्लिप आली. खाऱ्या पाण्याने माझ्या अंगावर तांबूस ठिपके पडले, गंजलेलं लोखंड पाण्यात घालणं बरं नव्हे. मी पेटीखालच्या फळीवर एका पेल्यात उभी असते. कुणी मला उचलत नाही, धार लावत नाही. कधी कधी वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? काम करणाऱ्याला रिकामं बसणं जड जातंच.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला विसरू नका, आम्हाला वापरा. मी तुमच्याकडे उलटंच मागते. मित्रांनो, तुमच्या घरी एखादा मुका जीव असेल, तर त्याची जागा किती चकचकीत आहे हे नंतर बघा. आधी खाली वाका आणि त्याचं तोंड कुठे आहे ते शोधा. त्याच्या तोंडापर्यंत घास पोचतोय का, ते बघा. आणि कुठे जरासं हिरवं दिसलं म्हणून लगेच माझ्याकडे हात नेऊ नका. मी इथे पेल्यात बरी आहे.

आत्ताच बघा ना, गुंडोपंत मागच्या काचेवर आहेत. सकाळपासून वीतभर सरकलेत, मागे चांदण्यांची रांग उमटलीय. जरा हळू बोला, ते जेवतायत.